चाकरमानी ढग

गणपतीला आलेल्या भाच्याने माझा फोन हातात घेतला, दोन-तीन ठिकाणी बोट लावलं आणि पडवीत सुपारी कातरत बसलेल्या आत्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला, "मामा, आता काळजी नको. तुझे, मामीचे, आजीचे, सगळ्यांचे फोटो ढगात गेले."

आत्याचा अडकित्ता थांबला.

"कुणाचे म्हणालास?"

"तुझेपण, आजी."

"मेल्या, अजून चालतेफिरते मी! ऐन गौरीच्या दिवशी मला ढगात कसला पाठवतोस?"

ढगात गेलेलं माणूस परत आल्याचा दाखला मराठीत नाही, त्यामुळे आत्याचं काही चुकलं असं मला वाटलं नाही. आणि रत्नागिरीत ढग हा काही कवितेतला पदार्थ नव्हे. जूनमध्ये तो समुद्रावरून येतो आणि सप्टेंबरपर्यंत घरचा असल्यासारखा राहतो. कपाटात शिरतो, चपलांना बुरशी आणतो, मिठाचं पाणी करतो, काडेपेटीतल्या दहांपैकी एक काडी पेटू देतो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाणी ओतणाऱ्या या गृहस्थाकडे कुणी आपल्या लग्नाचा आल्बम सांभाळायला देईल का? या प्रकाराला ज्याने 'क्लाउड' नाव दिलं, त्याने कोकणात एकही आषाढ काढलेला नसणार. कालिदासाच्या यक्षाने ढगाकडे निरोप दिला होता, हे मलाही ठाऊक आहे. पण निरोप पोचल्याची पोच आली का, ते कालिदासाने सांगितलेलं नाही.

हा भाचा माझ्या चिपळूणच्या बहिणीचा. ऐरोलीला एका डेटा सेंटरमध्ये नोकरीला आहे. तीन वर्षं आम्ही येणाऱ्याजाणाऱ्याला 'तो कॉम्प्युटरमध्ये असतो' असं सांगत होतो. प्रत्यक्षात तो तिथला एसी बघतो, हे याच गणपतीत उघडकीला आलं.

"म्हणजे ढगात तुझं काम काय?" मी विचारलं.

"ढग थंड ठेवायचा."

"थंड केलास की पडेल ना रे पाऊस," आत्या म्हणाली.

"तेच होऊ द्यायचं नाही, आजी. पाइपातला एक थेंब मशीनवर पडला, तर मी कायमचा इथेच येईन सुपाऱ्या कातरायला."

मग आरतीपासून जेवणापर्यंतच्या वेळात त्याने जे समजावलं, ते मला माझ्या कारकुनी डोक्याने कळलं ते असं. (मी पतपेढीत तीस वर्षं खतावण्या लिहिल्या. जमा एकीकडे आणि नावे दुसरीकडे असल्याशिवाय मला काही पटत नाही.) ढग वगैरे काही नाही. एक इमारत आहे. मोठी, खिडक्या जवळजवळ नसलेली. आत रांगेने लोखंडी कपाटं, आणि कपाटांत फडताळात ताटं लावावीत तसे एकावर एक रचलेले संगणक. त्यांना समोर पडदा नाही की टाइप करायला बटणं नाहीत. ते चोवीस तास चालतात, चालले की तापतात, म्हणून भाच्याची नोकरी. वीज गेली तर क्षणात बॅटऱ्या सुरू होतात आणि बॅटऱ्या उतरायच्या आत डिझेलचे जनरेटर धडधडायला लागतात.

"ढगात डिझेल?" सौ. स्वयंपाकघरातून म्हणाली.

डिझेल तर आहेच, शिवाय काही ठिकाणी यंत्रं थंड करायला भरपूर पाणीही लागतं. म्हणजे हा पाणी देणारा ढग नव्हे, पिणारा ढग.

मग याला ढग का म्हणायचं? त्याचं उत्तर मला फार आवडलं. पूर्वी टेलिफोनच्या आणि संगणकांच्या जाळ्याची आकृती काढताना इंजिनिअर लोक आपल्या ताब्यातली यंत्रं चौकोनांनी दाखवत. मधलं जे दुसऱ्याचं, ज्याच्या पोटात काय चाललंय याच्याशी आपल्याला देणंघेणं नाही, तिथे एक गुबगुबीत ढग काढून ते मोकळे होत. थोडक्यात, आपण यादीच्या शेवटी 'वगैरे' लिहितो, ते काम त्यांच्याकडे ढग करी. पुढे या 'वगैरे'ला इतका भाव आला की साऱ्या जगाचे हिशोब त्यात जाऊन बसले. आपल्या सरकारनेही २०१४ मध्ये स्वतःचा क्लाउड सुरू केला, त्याच्या योजनेचं नाव 'मेघराज'. वगैरेंचा राजा.

कल्पना मात्र आपल्याला अजिबात नवी नाही. आमच्या गावी देवळाशेजारच्या खोलीत गावची भांडी असतात. तपेली, घंगाळं, पराती, डाव, झारे, पाण्याची पिंपं. ज्याच्या घरी कार्य असेल त्याने वहीत नाव लिहून न्यायची, काम झालं की घासून, मोजून परत आणायची आणि ठरलेले पैसे द्यायचे. दोनशे पानांच्या भाताचं तपेलं आयुष्यात चार-पाचदा लागतं. ते स्वतःच्या घरी विकत घेऊन ठेवणारा माणूस एक तर खोत असेल, नाहीतर त्याचं डोकं फिरलेलं असेल. संगणकाचं नेमकं तेच झालं होतं. प्रत्येक कंपनीने, प्रत्येक बँकेने स्वतःची तपेली घेऊन ठेवलेली आणि वर्षातले अकरा महिने ती उपडी. अमेरिकेतल्या जॉन मॅकार्थी या संगणकशास्त्रज्ञाने १९६१ मध्येच सांगून ठेवलं होतं की टेलिफोनसारखीच संगणकाची सेवाही एक दिवस सार्वजनिक होईल, वापराल तेवढे पैसे द्याल. ते खरं व्हायला पंचेचाळीस वर्षं लागली. पुस्तकं विकण्यापासून सुरुवात केलेल्या अ‍ॅमेझॉनने २००६ मध्ये आधी साठवणीची जागा आणि मग चक्क संगणक तासाच्या हिशोबाने भाड्याने द्यायला काढले.

यात तीन प्रकार आहेत. भाच्याने त्यांची इंग्रजी नावं सांगितली, ती मी लगेच विसरलो. पण मामला पंगतीचाच आहे. नुसती भांडी भाड्याने घ्या, आचारी तुमचा, शिधा तुमचा, हा एक प्रकार. चूल पेटवून, भांडी मांडून ठेवलेली आहेत, तुम्ही फक्त आपला पदार्थ शिजवा, हा दुसरा. यात बहुतेक प्रोग्राम लिहिणारे लोक येतात. आणि तिसरा प्रकार तुमच्या-माझ्यासारख्यांचा, थेट पानावर येऊन बसणं. जीमेल उघडताना आपण कुठल्या तपेल्यात काय शिजलं हे विचारत नाही. वाढलेलं जेवतो आणि वर मठ्ठ्यात मीठ कमी आहे म्हणून कुरकुर करतो.

भांड्यांच्या खोलीची खरी गंमत दहावीच्या निकालाच्या दिवशी कळते. दुपारी एकच्या ठोक्याला राज्यभरातली पोरं, त्यांचे आईबाप आणि (कोकण विभागच पहिला येणार हे पक्कं ठाऊक असूनही) शेजारीपाजारी एकाच पानावर तुटून पडतात. चार संगणक असतील तर ते जागच्या जागी बसतात. क्लाउडवर मात्र त्या एका तासापुरते चारचे चारशे करता येतात आणि संध्याकाळी पुन्हा चार. आंब्याच्या दिवसांत बागायतदार राखणीला आणि पेट्या भरायला जास्तीची माणसं लावतो, पाऊस पडला की ती आपापल्या गावी जातात. बारा महिने पोसत कोण बसतो?

आता प्रश्न सोवळ्याचा. माझी आई पिठाच्या गिरणीत गेली की आधी विचारायची, "याच्या आधी काय दळलंत?" बाजरीवर गहू दळलेला तिला चालत नसे. क्लाउडमध्ये एकाच यंत्रावर शेकडो लोकांचं दळण एकाच वेळी चाललेलं असतं. माझे हिशोब, कुणाचे एक्सरे, कुणाची प्रेमपत्रं. एकच यंत्र आपण अनेक वेगवेगळी यंत्रं असल्याचं सोंग आणतं आणि प्रत्येकाला वाटतं, गिरणी आपल्यासाठीच चालली आहे. कुणाचं पीठ कुणात मिसळू नये म्हणून मध्ये भिंती असतात, शिवाय माहिती कुलूपबंद भाषेत लिहिलेली असते. आई असती तर तिने तरीही पहिली मूठ बाजूला काढली असती.

पण जेवणानंतर आत्याने जो प्रश्न विचारला, तो मला एवढा वेळ सुचला नव्हता.

"ढग नाही म्हणतोस, इमारत आहे म्हणतोस, तर ती आहे कुठे?"

"बऱ्याच नव्या मुंबईत, आजी. ऐरोली, महापे, रबाळे, पनवेलकडे."

"म्हणजे मुंबईलाच गेले की रे!"

खोलीत क्षणभर शांतता झाली. कोकणातून मुंबईला काय गेलं नाही? आमचे आजोबा बोटीने गेले, काका एसटीने गेले, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पुरती सुरू झाल्यावर पुढची पिढी रेल्वेने गेली. आंबा दरवर्षी वाशीला जातो. आता फोटोसुद्धा चाकरमानी झाले. आणि कारणंही तीच जुनी. जगाकडून येणाऱ्या समुद्राखालच्या तारा मुंबईच्या किनाऱ्याला लागतात, तिथे वीज आहे, एमआयडीसीची जमीन आहे, गिऱ्हाईक आहे. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुण्याला, अ‍ॅमेझॉनने २०१६ मध्ये आणि गूगलने २०१७ मध्ये मुंबईला भाड्याच्या संगणकांचं दुकान थाटलं. समुद्र आम्हालाही आहे, पण आमच्या मिरकरवाडा बंदराला मासळी लागते, तारा लागत नाहीत. फुकटात ठेवलेले आपले फोटो त्यातल्या नेमक्या कुठल्या इमारतीत आहेत, हे मात्र कंपनी आपल्याला सांगत नाही. ऐरोली असेल, सिंगापूर असेल. चाकरमान्यांचंही असंच असायचं. पत्ता गिरगावातल्या चाळीचा, झोपायला कुठे ते विचारायचं नाही.

येण्याजाण्याचा रस्ताही ओळखीचाच. कोकण रेल्वेच्या रुळांच्या कडेने काचेच्या तंतूंची केबल गेली आहे. मी ओटीवरून आत्याचा फोटो स्वयंपाकघरातल्या सौ.ला पाठवला, तर तो टॉवरवरून तारेत शिरतो, डोंगर आणि बोगदे ओलांडून कुठल्याशा इमारतीत जातो, तिथे हजेरी लावतो आणि उलट पावली आमच्या स्वयंपाकघरात येतो. एवढ्या प्रवासाला दोन सेकंद. पंधरा पावलं चालून फोन दाखवायला मला गुडघ्यामुळे जास्त वेळ लागतो.

इतका वेळ मी या सगळ्याकडे थट्टेने बघत होतो. मग बहीण बोलली. ती एरवी कमी बोलते.

२२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, ते सगळ्या महाराष्ट्राने टीव्हीवर पाहिलं. बहिणीचं घर तळमजल्याला. २००५च्या पुराची खूण भिंतीवर होती, म्हणून तिने सामान त्या खुणेच्या वर चढवून ठेवलं होतं. पाणी खुणेच्या वर गेलं. त्याच दिवशी तिथल्या एसटी आगाराचे व्यवस्थापक नऊ लाखांच्या आसपास रोकड सोबत घेऊन बुडालेल्या बसच्या टपावर कित्येक तास बसून होते, ही बातमी तुम्हीही वाचली असेल. नोटा ढगात चढवता येत नाहीत, त्या माणसाने छातीशी धरून टपावरच चढवाव्या लागतात. गावातल्या १८६४ सालच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातली पुस्तकं भिजली, तीही या पहिल्याच खेपेला नव्हे. पाणी उतरल्यावर बहिणीने आल्बम उघडले तर पानं एकमेकांना चिकटलेली. सोडवायला गेलं की चेहरे निघून येत होते. लग्नाचे, भाच्याच्या बारशाचे, आमच्या आईचे. तिने दोन दिवस ते अंगणात वाळत घातले आणि तिसऱ्या दिवशी चिखलाच्या ढिगावर ठेवले.

पण झालं होतं असं, की आदल्या वर्षी टाळेबंदीत घरी कोंडल्यामुळे कंटाळलेल्या भाच्याने आल्बमची पानंन् पानं मोबाइलवर टिपून ठेवली होती. काही फार दूरदृष्टीने नव्हे, वेळ जात नव्हता म्हणून. तो मोबाइलही पुरात गेला. महिन्याभराने त्याने नवा घेतला, त्यात आपलं नाव आणि पासवर्ड घातला, आणि एकेक करून सगळी मंडळी परत येऊ लागली. आई, वडील, लग्नातला मांडव, बारशाचा पाळणा. प्रत्येक फोटोवर ट्यूबलाइटची चकाकी आहे आणि प्रत्येकाच्या डाव्या कोपऱ्यात भाच्याच्या अंगठ्याचं टोक आहे. आमच्या आईचा तेवढाच एक हसरा फोटो उरला आहे, अंगठ्यासकट.

हे साधतं कारण तिथे प्रत्येक वस्तूच्या एकाहून जास्त प्रती, वेगवेगळ्या यंत्रांवर ठेवलेल्या असतात. एक यंत्र बिघडलं तर दुसऱ्यावरची प्रत पुढे येते आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. पतपेढीत आम्ही खतावणी आणि कीर्द वेगळ्या कपाटांत ठेवत असू. कपाटं मात्र एकाच खोलीत होती, हे आता लक्षात येतं.

दुसऱ्याकडे ठेव ठेवण्याचा रत्नागिरीतला सर्वांत मोठा दाखला आमच्या घरापासून फार दूर नाही. ब्रह्मदेशाचा राजा थिबा. नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतलं, तेव्हा 'न्गा मौक' नावाचं प्रख्यात माणिक आपण कर्नल स्लेडन या अधिकाऱ्याकडे सांभाळायला दिलं, असं थिबाचं म्हणणं होतं. ते त्याला परत मिळालं नाही. १८८६ मध्ये त्याला रत्नागिरीत आणून ठेवलं. इथून तो सरकारला त्या माणकाबद्दल अर्ज करत राहिला. १९१० मध्ये त्याला राजवाडा बांधून मिळाला, माणिक नाही. १९१६ मध्ये तो इथेच वारला. रत्न गमावलेल्या माणसाला नेमकं रत्नागिरीत आणून ठेवणाऱ्याचा खवचटपणा अस्सल रत्नागिरीकराचा वाटतो. माणकाची दुसरी प्रत काढता येत नव्हती, हे राजाचं दुर्दैव. फोटोची काढता येते, आणि तरीही आपण काढत नाही.

मी तर उलटंच केलं. गणपती गेले, भाचा गेला आणि आठवड्याभरात फोन म्हणू लागला, जागा भरली. आता सगळं ढगात आहेच, इथली अडगळ कशाला, असा हिशोब करून मी दुपारभर बसून नऊशे फोटो पुसले. पोटमाळा झाडल्याचं समाधान मिळालं. संध्याकाळी ढगात पाहिलं तर तिथेही शुकशुकाट. भाच्याला फोन लावला.

"मामा, फोनमधला आणि ढगातला फोटो वेगळे नसतात रे. तू तिथल्या तिथे पुसलास की तो दोन्हीकडून जातो. 'जागा मोकळी करा' असं वेगळं बटण आहे, ते दाबायचं. पुसायचं नाही."

"मग आता?"

"आता केराच्या डब्यात बघ. साठ दिवस असतात तिथे."

सगळे नऊशे डब्यात होते. एवढा भाग्यवान केर मी पाहिला नव्हता. ही चूक नवशिक्यांपैकी निम्मे तरी करत असावेत, असं भाच्याच्या सुरावरून वाटलं. म्हणून ती इथे लाज सोडून लिहिली.

गूगलकडे फुकटची जागा पंधरा जीबी, आणि ती पत्रं, फोटो, कागदपत्रं या सगळ्यांत मिळून. भरली की महिन्याचं भाडं सुरू. शेजारच्या आबांना हे सांगितलं, तेव्हा त्यांनी चहाची बशी खाली ठेवली.

"भाडं आपण द्यायचं, जागा त्यांची. मग कूळ कोण?"

"आपण."

"उत्तम. मग किती वर्षांनी जागा आपल्या नावावर होते?"

आबांच्या वडिलांची जमीन १ एप्रिल १९५७ला कूळकायद्यात गेली होती. तेव्हापासून या घराण्याचा जगाकडे बघण्याचा हा एकच चष्मा आहे. मी त्यांना सांगितलं, इथे कायदा उलटा आहे. दोन वर्षं आपण आपल्या खात्यात फिरकलोच नाही, तर गूगलला ते खातं सामानासकट काढून टाकता येतं. आबा बराच वेळ विचार करत राहिले. "म्हणजे कसत राहायला हवं," ते म्हणाले आणि त्याच दिवशी नातवाकडून आपलं खातं उघडून घेतलं. आता दर एकादशीला ते एकदा आत जाऊन येतात. तिथे त्यांचा एकच कागद आहे, जमिनीचा सातबारा. तोही २०१८ पासून डिजिटल सहीचा ऑनलाइन मिळतो. आमच्याही सातबाऱ्यावर एकोणतीस नावं आहेत, त्यांतली अकरा माणसं खरोखरच ढगात आहेत.

एवढं सगळं झाल्यावर आत्याला तिचे फोटो एकदा नीट दाखवावेत म्हणून तिच्याजवळ बसलो. तिने चष्मा लावून सगळे पाहिले. गौरीपुढे बसलेला, अडकित्ता उगारून भाच्याकडे बघतानाचा तिला पसंत पडला.

"हा कुठे आहे आता?"

"ऐरोलीला. किंवा सिंगापूरला."

"आणि याची प्रत?"

"आणखी कुठेतरी."

"इथे?"

इथे नव्हता. तिने कनवटीचे पैसे काढून दिले. दुसऱ्या दिवशी मारुती मंदिराजवळच्या स्टुडिओतून मोठी प्रिंट काढून आणली आणि देवघराशेजारच्या भिंतीवर, आजोबांच्या खाली लावली. फ्रेमसकट साडेतीनशे रुपये पडले. हार एवढ्यात घालायचा नाही, अशी सक्त ताकीद आहे.